१२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येचे अवयव हाताने निघतात का? आणि पुढे पॅटर्न का मोडतो?

मीरा_डोंबिवली

नमस्कार मंडळी, मुलगी आठवीत आहे, तिच्या वहीत वर्गाचं प्रकरण चालू होतं तेव्हा तिला तो प्रसिद्ध पॅटर्न सापडला, ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा १२३४३२१ असं करत करत ती नऊ एक पर्यंत गेली आणि उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३२१. हाताने गुणाकार करून आलं बरं का, पूर्ण पान भरलं. मग मी म्हटलं एक्सेलमध्ये ताळा करू तर तिथे १२३४५६७८९८७६५४३०० दिसतंय! शेवटचे दोन अंक शून्य. मोबाईलचा कॅल्क्युलेटर तर सरळ १.२३ गुणिले दहाचा सोळावा घात टाइप काहीतरी दाखवतो. मग खरं काय?

आता तिचे प्रश्न असे आहेत आणि मला नीट उत्तरं देता येत नाहीयेत म्हणून इथे टाकते. एक म्हणजे हे उलटसुलट सारखं का येतं आणि दहा एक घेतले तर काय होतं. दुसरं, या एवढ्या मोठ्या संख्येचे मूळ अवयव कॉम्प्युटर न वापरता काढता येतील का. तिसरं, हिला एकूण विभाजक किती. आणि ती विचारतेय की ही संख्या "परफेक्ट" आहे का, कुठेतरी ६ आणि २८ बद्दल वाचलंय तिने.

नुसतं उत्तर नकोय, ते नेटवर मिळतं. का, ते समजावून सांगाल का? मी कॉमर्सवाली आहे पण चिकाटीने वाचीन.

सुश्रुत_कोडवाला

एक्सेलचं आधी सांगतो कारण ते पटकन होईल. मुलीचं उत्तर बरोबर आहे, एक्सेल चुकतंय. एक्सेल फक्त पहिले १५ अंक धरतं आणि पुढचे शून्य करून टाकतं, ही संख्या १७ अंकी आहे म्हणून शेवटचे २१ गेले. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये १११११११११ चा वर्ग केलात तर अजून वेगळं, शेवटी ३२० येईल. कारण नेहमीच्या पद्धतीत कॉम्प्युटर संख्येसाठी ५३ बिट ठेवतो, २ चा ५३ वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, इथपर्यंत सगळ्या पूर्ण संख्या नेमक्या बसतात. त्याच्या पुढे दुप्पट होईपर्यंत फक्त सम संख्या बसतात. आपली संख्या त्या हद्दीच्या पलीकडची आणि विषम, म्हणून तिला जागाच नाही, शेजारच्या सम संख्येवर ढकलली जाते.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत पूर्ण संख्यांना अशी मर्यादा नाही, तिथे १११११११११**२ (म्हणजे वर्ग) टाका, शेवटचा १ सकट येईल. पण खरं सांगू का, मुलीने पानभर गुणाकार करून जे आणलं ते जास्त भरवशाचं आहे, तिला तसं सांगा.

आकडेमोड

मीराताई, मी निवृत्त शिक्षक, गणितच शिकवायचो. पहिला प्रश्न मी घेतो.

मुलीच्या वहीतलं ते भरलेलं पान परत उघडा. १११११११११ गुणिले १११११११११ करताना खाली नऊ ओळी लिहिल्या असतील, प्रत्येक ओळ तीच, १११११११११, फक्त प्रत्येक वेळी एक घर डावीकडे सरकलेली. आता बेरीज उभी करा. सगळ्यात उजव्या स्तंभात एकच १ आहे. त्याच्या शेजारच्या स्तंभात दोन, मग तीन, असं वाढत मधल्या स्तंभात बरोबर नऊ १ येतात कारण तिथे नऊही ओळी हजर आहेत, आणि तिथून डावीकडे एकेक ओळ संपत जाते म्हणून परत आठ, सात, सहा. म्हणजे उत्तरातला प्रत्येक अंक हा त्या स्तंभात किती एक उभे आहेत त्याची मोजणी आहे, बाकी काही नाही. आणि हे असं सुबक दिसतं त्याचं एकमेव कारण म्हणजे कुठेही हातचा आला नाही. मधला स्तंभ सगळ्यात मोठा, तो ९, आणि ९ एका अंकात मावतो.

दहा एक घेतले की मधल्या स्तंभात १० होतात. आता बघा काय होतं, हे तिला वहीत करायला लावाच. मधे ० लिहायचा, हातचा १. डावीकडे ९ होते ते १० झाले, परत ० लिहायचा आणि हातचा १. त्याच्या डावीकडे ८ होते, ते ९ झाले, इथे हातचा थांबला. म्हणून उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या बाजूला ८ गायब आणि मधे दोन शून्य. उजवीकडची बाजू जशीच्या तशी राहिली कारण हातचा डावीकडेच जातो. उलटं वाचलं तर सारखं येत नाही, पॅटर्न इथेच मोडला.

हाच ८ अजून एका ठिकाणी गायब होतो. १ भागिले ८१ करा, ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... असं अखंड चालतं, त्यातही ८ नाही. कारण १/८१ म्हणजे १/९ गुणिले १/९, म्हणजे ०.१११११... गुणिले ०.१११११..., तोच गुणाकार, फक्त न संपणारा, त्यामुळे स्तंभात १, २, ३ करत ९, १०, ११ येतात आणि १० चा हातचा ९ मध्ये जातो, तो परत १० होऊन ८ ला ९ करतो. दोन्हीकडे एकच यंत्र चालू आहे. मी वर्गात हे दोन्ही शेजारी शेजारी फळ्यावर लिहायचो, मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करायची.

रानवारा

अवयवांचं मी सांगते, हे हाताने आरामात निघतं. सतरा अंकी संख्येला डायरेक्ट भिडायचंच नाही. ती वर्ग आहे हे आपल्याला माहीत आहे, म्हणून फक्त १११११११११ चे अवयव काढायचे आणि शेवटी प्रत्येकाचा घात दुप्पट करायचा.

नऊ एक आहेत, त्यांचे तीन-तीनचे गट पाडा, १११ १११ १११. म्हणजे हे १११ × १००१००१ आहे, गुणून बघा. १११ = ३ × ३७, हे सगळ्यांना पाठ असतं. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून त्याला ३ ने भाग जातो, ३३३६६७ येतात. म्हणजे

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७

आणि म्हणून आपली संख्या = ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग.

विभाजक: ३ चा घात ० ते ४ पैकी कुठलाही, म्हणजे ५ पर्याय, ३७ चा ० ते २ म्हणजे ३ पर्याय, ३३३६६७ चे पण ३. ५ × ३ × ३ = ४५. विषम आले हे बरोबरच आहे कारण पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते, ४४ जणांच्या २२ जोड्या लागतात आणि १११११११११ स्वतःशीच जोडी लावतो.

परफेक्ट म्हणजे जिच्या स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच येते ती, जसं ६ = १ + २ + ३. ही तशी नाही. स्वतःला सोडून बाकीच्या ४४ विभाजकांची बेरीज आपल्या संख्येच्या साधारण साडेत्रेपन्न टक्केच होते, म्हणजे बरीच कमी पडते. तसंही आजपर्यंत एकही विषम परफेक्ट संख्या कोणाला सापडलेली नाही.

मीरा_डोंबिवली

बापरे किती छान सांगितलंत सगळ्यांनी. स्तंभ मोजायचं तिला लगेच कळलं, तिने दहा एकांचं स्वतः करून बघितलं आणि ८ गायब झाल्यावर ओरडलीच. पण आता ती (आणि मीपण) एका ठिकाणी अडलोय, ३३३६६७ ही मूळ संख्या आहे हे कशावरून? तिचे अजून अवयव पडत नाहीत याची खात्री कशी करायची, ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागत बसायचं का? वर्गमूळ ५७७ च्या आसपास येतंय म्हणून म्हणते.

रानवारा

वर्गमूळापर्यंतच बघायचं हे तुम्हाला माहीत आहे म्हणजे अर्धं काम झालं. ५७७ पर्यंत शंभराच्या वर मूळ संख्या आहेत, पण सगळ्यांनी भागायची गरज नाही. फक्त सोळा पुरतात. कसं ते सांगते, हा माझा या सगळ्यातला सगळ्यात आवडता भाग आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

समजा कुठलीतरी मूळ संख्या प ही ३३३६६७ ला भागते. मग ती १००१००१ ला पण भागते आणि १००१००१ × ९९९ = ९९९९९९९९९, म्हणून नऊ नऊंना पण भागते. आता शाळेतला आवर्ती दशांश आठवा. १/प चा दशांश किती अंकांनी परत सुरू होतो हे कसं ठरतं, तर ९, ९९, ९९९, ९९९९ या रांगेत प ने पहिल्यांदा कोणाला भाग जातो त्यावरून. ९९९ ला ३७ ने भाग जातो म्हणून १/३७ = ०.०२७०२७०२७, तीन अंकांचं आवर्तन.

आपल्या प ने नऊ नऊंना भाग जातो म्हणजे आवर्तनाची लांबी ९ ला भागणारी असली पाहिजे, १ किंवा ३ किंवा ९. जर १ किंवा ३ असेल तर प ने ९९९ ला भाग जायला हवा, आणि ९९९ = २७ × ३७, म्हणजे प एकतर ३ नाहीतर ३७. पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, ३ ने भाग जात नाही. ३७ × ९०१८ = ३३३६६६, एक उरतो, ३७ ने पण जात नाही. दोघेही बाद. म्हणजे आवर्तन बरोबर ९ अंकांचंच.

आता फर्माचा नियम, २ आणि ५ सोडून कुठल्याही मूळ प साठी १/प च्या आवर्तनाची लांबी प−१ ला नेहमी भागते. (१/७ चं आवर्तन ६ अंकी, १/१३ चं पण ६ अंकी आणि १२ ला ६ ने भाग जातो, करून बघा.) म्हणजे आपल्याकडे प−१ ला ९ ने भाग जायला हवा. शिवाय प विषम, म्हणून प−१ सम. मिळून प−१ ला १८ ने भाग गेलाच पाहिजे. म्हणजे १८ च्या पाढ्यात एक मिळवून जे येतं त्यातच शोधायचं: १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. संपलं. (३७ पण या पाढ्यात येतो पण त्याला वरच बाद केलाय.)

सोळा भागाकार म्हणजे एका संध्याकाळचं पण काम नाही. काही अगदी थोडक्यात हुकतात, ती मजा मुलीला येऊ दे: १९ × १७५६१ = ३३३६५९, आठ उरतात. १६३ × २०४७ = ३३३६६१, सहाच उरतात! ५२३ × ६३८ = ३३३६७४, सात जास्त होतात. शेवटचा ५७७ × ५७८ = ३३३५०६, १६१ उरतात. एकानेही पूर्ण भाग जात नाही, म्हणून ३३३६६७ मूळ.

आणि वरचा युक्तिवाद परत वाचलात तर अजून एक गोष्ट हाती लागते. ज्याचं आवर्तन बरोबर ९ अंकी आहे अशा प्रत्येक मूळ संख्येने १००१००१ ला भाग जायलाच हवा, आणि १००१००१ मध्ये ३ सोडला तर ३३३६६७ एकटाच आहे. म्हणजे जगातल्या सगळ्या मूळ संख्यांमध्ये ९ अंकी आवर्तन असलेली ही एकमेव. १/३३३६६७ = ०.०००००२९९७ ०००००२९९७ ... तसाच ३७ हा ३ अंकी आवर्तनवाला एकटा, आणि ३ हा १ अंकी आवर्तनवाला एकटा. आपल्या सतरा अंकी संख्येत हे तिघेच आहेत, १, ३ आणि ९ अंकी आवर्तनांचे एकेक मालक, चौथा कोणी नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हॉस्टेलवर सगळ्यांना उठवून सांगितलं होतं.

देवळाली_कॅम्प

या धाग्यावर कापरेकर सरांचं नाव अजून कोणीच घेतलं नाही? आणि प्रश्न विचारणाऱ्या ताई डोंबिवलीच्या!

ताई, या संख्यांना जगभर "वंडरफुल डेम्लो नंबर्स" म्हणतात आणि ते नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी दिलं. तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवर मुंबईपासून तीसेक मैलांवर डेम्लो स्टेशन होतं, तेच आताचं तुमचं डोंबिवली, तिथे त्यांना ही कल्पना सुचली. डेम्लो संख्या मुळात जरा मोठा प्रकार आहे, १६५, २५५३, ४७७७३ या पण त्यातच, कडेचे दोन अंक मिळवले की मधला अंक. त्यातल्या १, १२१, १२३२१ वाल्या खास म्हणून वंडरफुल. रोज लाखो लोक ज्या स्टेशनवर चढतात-उतरतात त्याचं नाव गणिताच्या कोशात आहे आणि प्लॅटफॉर्मवर साधी पाटी नाही, मला हे फार लागतं. खरंच व्हायला पाहिजे पाटी.

कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, फर्ग्युसनला शिकले, १९३० ते १९६२ आमच्या देवळालीत शाळेत शिकवलं. पीएचडी नाही, विद्यापीठाची नोकरी नाही. कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखला जाणारा ६१७४ त्यांचाच. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा कुठे मोठं नाव झालं.

आता त्यांच्या दोन कल्पना या संख्येला लावून बघा. पहिली हर्षद संख्या, म्हणजे जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो ती. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. आणि ३ चा चौथा घात अवयवांत आहेच, म्हणून ८१ ने भाग जातो, उत्तर १५२४१५७८९९७१०४१. हे पण पूर्ण वर्ग आहे, १२३४५६७९ चा. आता १११११११११ घ्या, अंकांची बेरीज ९, नऊने भाग जातो, हर्षद, भागाकार १२३४५६७९. आता हा १२३४५६७९ घ्या, अंकांची बेरीज ३७, आणि १२३४५६७९ = ३७ × ३३३६६७!! तोही हर्षद. एकातून एक निघत जातात.

दुसरी, कापरेकर संख्या. वर्ग करायचा, मधे कापायचा, दोन तुकडे मिळवायचे, सुरुवातीची संख्या परत आली पाहिजे. ४५ चा वर्ग २०२५, २० + २५ = ४५. आता १११११११११ चा वर्ग उजवीकडून नऊ अंकांवर कापा: १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. बेरीज करा. ९९९९९९९९९. एकही अंक इकडेतिकडे नाही. १११११११११ परत आला नाही म्हणून तो कापरेकर संख्या नाही, पण जो आला तो ९९९९९९९९९ मात्र आहे, त्याचा वर्ग ९९९ ९९९ ९९८ ००० ००० ००१, कापून मिळवा.

स्पष्टच_बोलतो

सगळं वाचलं, रानवारा यांचं उत्तर उत्तम आहे. पण मला राहवत नाही म्हणून लिहितो. अंकांची बेरीज, उलटं वाचणं, तुकडे करून मिळवणं, हे सगळं आपण दहाच्या पद्धतीत लिहितो म्हणून दिसतं. उद्या सोळाच्या पद्धतीत लिहा, यातलं काहीही उरणार नाही. कापरेकरांबद्दल आदर पूर्ण आहे, तरी आठवीच्या मुलीला हेच नंबर थिअरी आहे असं वाटू नये. संख्येचे खरे गुण ते जे कसंही लिहिलं तरी बदलत नाहीत.

रानवारा

तुमचा मुद्दा अर्धा मान्य. पण पॅटर्न सोळाच्या पद्धतीत पण आहे, तिथे फक्त ९ ऐवजी १५ एकांपर्यंत चालतो कारण हातचा उशिरा येतो. म्हणजे नियम दहाचा नाहीच, हातच्याचा आहे.

आणि देवळालीकर काकांची ती ९९९९९९९९९ वाली बेरीज पण नुसती गंमत नाही. नऊ अंकांवर तुकडे करून मिळवलं की ९९९९९९९९९ ने भागल्यावरची बाकी बदलत नाही, जसं अंकांची बेरीज केल्यावर ९ ची बाकी बदलत नाही तसंच. आणि आपली संख्या १११११११११ × १११११११११ आहे, त्यातल्या एकाला ९ ने भाग जातो, तो ९ दुसऱ्याला दिला की ९९९९९९९९९ तयार, म्हणजे तिला ९९९९९९९९९ ने पूर्ण भाग जातो. म्हणून तुकड्यांची बेरीज ९९९९९९९९९ च्या पटीतच यायला हवी होती आणि तेवढ्या छोट्या बेरजेत एकच पट मावते. तीन-तीन अंकांचे तुकडे करून बघा, १२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७. हा ८१ × ३७ आहे, आणि १/३३३६६७ च्या आवर्तनात हाच २९९७ आला होता, कारण ९९९९९९९९९ मधून ३३३६६७ काढून घेतला की ३ चा चौथा घात आणि ३७ एवढेच उरतात.

आकडेमोड

स्पष्टच_बोलतो यांना हवा तसा, लिहिण्याच्या पद्धतीवर अजिबात न अवलंबणारा गुण मी देतो. मुलीला आठवीत पायथागोरस झालाच असणार.

ज्याची एक काटकोनाची बाजू १११११११११ आहे आणि तिन्ही बाजू पूर्ण संख्या आहेत असे काटकोन त्रिकोण किती? कर्ण क, दुसरी बाजू ब. क वर्ग वजा ब वर्ग = आपली सतरा अंकी संख्या. म्हणजे (क − ब)(क + ब) = १२३४५६७८९८७६५४३२१. म्हणजे दोन वेगळे विभाजक हवेत ज्यांचा गुणाकार ही संख्या. रानवारा यांनी वर जोड्या मोजून ठेवल्यात, २२. सगळे विभाजक विषम, त्यामुळे बेरीज-वजाबाकी सम, अर्धं करायला अडचण नाही. बरोबर २२ त्रिकोण, एकही कमी-जास्त नाही. सगळ्यात लांबट त्रिकोण १ आणि स्वतः या जोडीतून येतो, त्याचा कर्ण ६१७२८३९४९३८२७१६१ आणि दुसरी बाजू त्याहून फक्त एकने लहान. आणि ३७०३७०३७ व ३३३३३३३३३ या जोडीतून येतो आपला ओळखीचा ३-४-५: बाजू १११११११११, १४८१४८१४८, १८५१८५१८५.

१११११११११ हा कर्ण असेल तर? मग मात्र एकच त्रिकोण. कारण विषम मूळ संख्यांपैकी दोन वर्गांची बेरीज फक्त अशीच होऊ शकते जिला ४ ने भागल्यावर १ उरतो. ३ ला ३ उरतात, ३३३६६७ ला पण ३ उरतात, दोघेही कामाचे नाहीत. उरला ३७. ३७ चा वर्ग = ३५ चा वर्ग + १२ चा वर्ग, १२२५ + १४४ = १३६९. आता १११११११११ = ३७ × ३००३००३, म्हणून सगळं ३००३००३ ने गुणा:

१०५१०५१०५ चा वर्ग + ३६०३६०३६ चा वर्ग = १११११११११ चा वर्ग

एकच जोडी आहे आणि तीही बघा कशी दिसते.

स्पष्टच_बोलतो

सर, हे सुंदर आहे. हात जोडले.

मीरा_डोंबिवली

मी हे सगळं वहीत उतरवून घेतलंय, सोळापैकी अकरा भागाकार तिचे झालेत, बाकीचे उद्या. डेम्लोचं मला इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हतं, सासऱ्यांना सांगितलं तर ते पण चकित. तिचा शेवटचा एक प्रश्न (असं ती म्हणतेय), मधे १० आल्यावर हातचा न घेता सरळ १० असंच लिहिलं तर? म्हणजे १२३४५६७८९१०९८७६५४३२१. हिचे अवयव पण असेच पाडता येतील का, १११ वगैरे काढून?

रानवारा

तिला सांगा हा प्रश्न भारी आहे, कारण इथे उत्तर एकदम उलटं येतं. ही वीस अंकी संख्या कुठल्याही एकांच्या संख्येचा वर्ग नाही, त्यामुळे ती युक्ती इथे चालत नाही. अंकांची बेरीज ९१, म्हणून ३ ने भाग जात नाही. १११ पण काढता येणार नाही. आणि पुढे कितीही शोधलंत तरी काहीच मिळणार नाही, कारण १२३४५६७८९१०९८७६५४३२१ ही स्वतःच मूळ संख्या आहे. ४५ विभाजक असलेल्या संख्येच्या मधे १०९ घुसवले आणि विभाजक राहिले दोनच.

हे मात्र हाताने सिद्ध करण्यासारखं नाही, इथे सुश्रुत यांचं पायथन काढा, सिमपाय नावाची लायब्ररी टाकून त्यात इझप्राइम विचारा, डोळ्याची पापणी लवायच्या आत ट्रू येतं. एक्सेलमध्ये टाकू नका फक्त.